दोरीखालचं स्टिअरिंग

दि. ३ ऑगस्ट

चि. भिंतफोडीस,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून चकित झाली असशील. फोनवर तू हो-नाही एवढंच बोलतेस, म्हणून लिहायला बसलो. बाबांची जुनी गाडी रंगवून झाली, इंजिनही धडधाकट आहे. वीस सप्टेंबरला इथे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार आहे आणि आपली गाडी पाचव्या नंबरवर आहे. काका, ताई, सगळा गोतावळा येणार. शेवटी मी बाबांबद्दल चार शब्द बोलणार आहे. भाषण पाठ करणं चाललंय, तुझी वहिनी कंटाळली.

अडलंय ते फक्त स्टिअरिंगवर. बाबांनी त्याच्यावर दोरी गुंडाळली होती ना, ती आता कुजलीय, हाताला काळं लागतं. इथला मेकॅनिक म्हणतो, चामडं चढवायचं काम त्याचं नाही. तू दिवसभर चामड्याच्या पिशव्या शिवतेस, तुझ्याइतका बारीक टाका दुसऱ्या कुणाला जमणार? म्हणून स्टिअरिंग काढून खोक्यात घालून पाठवतोय. दोरी सोडव, खाली काय तडकलं असेल ते भर आणि वर काळं चामडं चढव. बाबांसाठी एवढं करशीलच.

आणि हो, स्टिअरिंग हातात आलं म्हणून भिंतीजवळ फिरकू नकोस. एकतीस वर्षं झाली तरी शाळेची ती भिंत तुला विसरली नसेल. गंमत केली, रागावू नकोस.

लोभ आहेच, तो या खोक्याइतकाच जपून ठेव.

तुझा,
दादा


दि. १४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवसांपासून बाबांचं स्टिअरिंग पसरलंय आणि आमचे हे ताट मांडीवर घेऊन जेवताहेत. दादाने पाठवलंय. वर पत्र, पत्रात पुन्हा ती भिंतीची गंमत.

ताई, तुला सगळं माहीत आहे, तरी आज मला पुन्हा लिहू दे. त्या दुपारी बाबा झोपले होते. गाडी दादाने काढली, दादा चालवत होता, मी शेजारी बसले होते. शाळेच्या वळणावर त्याने भिंतीत घातली. माझ्या हातापाया पडून म्हणाला की आठवड्याने त्याची मुलाखत आहे, बाबा त्याला घराबाहेर काढतील, तोपर्यंत तू चालवत होतीस असं सांगू, मग मी खरं सांगतो. मी एकोणीस वर्षांची बावळट, हो म्हटलं. मुलाखत झाली, नोकरी लागली, खरं काही बाहेर आलं नाही. मी सांगायला गेले तर बाबा म्हणाले, स्वतःचं भावावर ढकलू नकोस. पुढे बस कंपनीचा ड्रायव्हरचा फॉर्म मी भरला होता, त्याच्यावर घरच्यांची सही लागायची. बाबांनी केली नाही. जिला समोरची भिंत दिसत नाही तिच्या हाती पन्नास माणसं कशी देऊ, म्हणाले. तू त्या वेळी माझी बाजू घेतली नाहीस, पण तो विषय नको.

आता ऐक. मी दोरी सोडवली. इतकी घट्ट होती की चामडं शिवायच्या आरीने एकेक वेढा उचलावा लागला. खाली काळं, कडक रबराचं कडं. तीन जागी तडे, ते मी दोन ट्यूब मिसळून करायच्या पुट्टीने भरले, वाळू दिले, पॉलिश पेपरने घासले. आणि बरोबर वरच्या बाजूला, चालवणाऱ्याच्या तोंडासमोर, दोन खड्डे आहेत. एक सरळ, एक तिरका. तिरका जास्त खोल. दाताचे आहेत ताई. मी आरशासमोर उभं राहून माझे दात लावून पाहिले, माझे दोन्ही सरळ आहेत. एक दात दुसऱ्यावर चढलेला आपल्या घरात एकाचाच होता.

मला दोनच गोष्टी आठवून कळव. दादाचा तो दात कधी तुटला? आणि बाबांनी ती दोरी कधी गुंडाळली?

लोभ तुझा मला लागतो, तो कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


दि. २० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तसेच. तुझं पत्र चार वेळा वाचलं. खोटं लिहिवत नाही म्हणून लिहिते. भिंतीच्या दुसऱ्या दिवशी दादाला दाताच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं. मोरीतल्या नळावर आपटलो असं त्याने सांगितलं आणि मी मानलं. दोरी बाबांनी त्याच आठवड्यात गुंडाळली. मागच्या अंगणात पाट टाकून बसले होते. मी चहा घेऊन गेले तर कड्यावर पंचा टाकला आणि कप तिथेच ठेव म्हणाले. तेव्हा मला वाटलं, लागलेल्या गाडीचं वाईट वाटतंय त्यांना.

म्हणजे बाबांना माहीत होतं.

पण बाई, दादा आता चौपन्न वर्षांचा आहे, त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि बाबा तर राहिलेच नाहीत. ते खड्डे भर, वर चामडं ओढ आणि सोडून दे. मला तुझं म्हणणं पटलंय, एवढं पुरत नाही का? भिंतफोडी हे नाव मीच ठेवलं होतं, हे तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मला आठवतं. माझ्यापुरतं ते आज परत घेते.

राग उतरला की दोन ओळी लिही, मी वाट पाहीन.

तुझी,
ताई


दि. २५ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

स्टिअरिंगचं काम छान चाललंय. तुझा चांगला हेतू पाहून मीही जीव ओतलाय. दांडे घासून चकचकीत केले, हॉर्नचं बटण सोडवून आतली गंजलेली स्प्रिंग बदलली, तडे भरले. चामडं पाण्यात भिजवून मऊ केलंय, भोकं पाडून झालीत. चार दिवसांचं काम उरलंय.

ते चार दिवस मी तू एक काम केल्यावर सुरू करीन. वरच्या बाजूला तुझे दोन दात उमटलेत, चढलेल्या दातासकट. ते मी भरलेले नाहीत. तू तीन पत्रं लिही, एक मला, एक ताईला, एक काकांना. गाडी कोण चालवत होतं ते शाईने, तुझ्या हाताने, तुझ्या सहीने लिही. फोन नको. फोनवर तू फार गोड बोलतोस.

दुसरं स्टिअरिंग शोधू नकोस. गाडीतल्या त्या दांड्याच्या खाचांना बसणारं या जगात किती शिल्लक असेल ते तुझ्या मेकॅनिकला विचार. गाडी तुझ्याकडे आहे, पण वळणार माझ्या हाताने.

वहिनीला नमस्कार. भाषण पाठ झालं का?

तुझी,
धाकटी


दि. २ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तू हे काय आरंभलंयस? ते खड्डे पान्ह्याचे असतील, हातोडीचे असतील. एकतीस वर्षांपूर्वीची मढी उकरून तुला काय मिळणार? पोरं हसतील आपल्याला. वेळेवर स्टिअरिंग पाठव, उगाच घरात तमाशा नको. काकांचं वय झालंय याचा तरी विचार कर. मोठ्या भावाशी असं वागायचं नसतं.

दादा


दि. ११ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं, की पान्ह्याचे खड्डे असतील तर दाताच्या डॉक्टरकडून तुझ्या जबड्याचा साचा काढून पाठव, आपण लावून बघू. मी हसायला गेलो आणि हसू आलं नाही.

गाडी मी चालवत होतो. तू शेजारी होतीस. भिंतीत मी घातली. ताईला आणि काकांना हेच लिहून आजच टपालात टाकलं.

आणखी एक आहे, ते फक्त तुला लिहितो. बाबांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझं तोंड पाहिलं, मग स्टिअरिंग पाहिलं. मला अंगणात बोलावलं आणि म्हणाले, मी हे झाकतो, पण तिला आणि घराला तू स्वतः सांगायचं. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी दोरी सोडीन. तुझ्या फॉर्मवर त्यांनी सही केली नाही तीही माझ्यासाठी. तुझं नुकसान होताना पाहून तरी माझं तोंड उघडेल असं त्यांना वाटलं. चार महिने फॉर्म कपाटावर पडून होता. मुदत संपायच्या दिवशीही त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

दोरी त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही. मी कधी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही, म्हणून तर कुजल्यावर तुझ्याकडे पाठवली. खाली इतकं स्पष्ट उमटलं असेल हे डोक्यातच आलं नाही.

माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही, पण म्हणतो.

तुझा,
दादा


दि. १६ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ताईलाही तिचं पोचलं. काकांनी मला फोन केला, म्हणाले की गुडघे रेटत का होईना, मिरवणुकीला येतो.

तुला वाटलं असेल, खरं कळलं की हिचा राग निवेल. दादा, तो दुप्पट झाला. आधी एक होता, आता दोघं झालात. परीक्षा तुझी होती आणि बाबांनी बसवलं मला. फॉर्म कपाटावर पडून होता तेव्हा रोज सकाळी मी स्टूल ठेवून बघायची, सही झाली का. तुम्ही दोघं खाली बसून बघत होतात. बाबांवर चार शब्द तू बोलणार आहेस ना, त्यात हे चार महिने घाल. नाही घातलेस तर मी घालीन, मला पाठ करावं लागणार नाही.

स्टिअरिंग तयार आहे. टपालाने येणार नाही, माझ्याबरोबर येईल. वीस तारखेला सकाळी दुकानाची व्हॅन घेऊन निघते. ती मी बावीस वर्षं चालवतेय, अजून एक ओरखडा नाही. तुमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

चामडं काळं लावलंय, तू सांगितलंस तसं. दोरा लाल आहे, तो मी ठरवला. कड्याची जाडी धरणाऱ्याच्या पंजाप्रमाणे करायची असते, मी माझा पंजा मोजला. तुझ्या हाताला बारीक लागेल, चालवून घे. वरच्या बाजूला अंगठ्याएवढी खिडकी ठेवलीय, भोवती लाल टाका आहे. आत तुझे दोन्ही दात, वर पारदर्शक वार्निशचे सहा हात. उन्हात छान चमकतात. जो बसेल त्याला दिसतील, आणि जो विचारील त्याला उत्तर तू द्यायचंस.

मिरवणुकीत गाडी मी चालवीन. तू शेजारी बसायचंस, त्या दिवशी मी होते तिथे. मिरवणूक शाळेवरून जाते हे तुझ्या मेकॅनिककडून कळलं. वळणावर मी वेग कमी करीन, म्हणजे तुला भिंत नीट बघता येईल.

बाबांची दोरी फेकलेली नाही. कुजलीय, पण तुटली नाही. पिशवीत घालून तुझ्यासाठी आणतेय. झाकायचं काम इतकी वर्षं त्यांनी केलं, आता ते तुझ्याकडे. वाटलं तर मिरवणूक सुटायच्या आधी खिडकीवर पुन्हा गुंडाळ, मी अडवणार नाही. फक्त अंगणात पाट टाकून नाही. काका, ताई, वहिनी, पोरं, सगळ्यांसमोर, तुझ्या हाताने.

या वेळी लोभ मागत नाही. किल्ली तेवढी गाडीला लावून ठेव.

गाडी चालवणारी,
तुझी धाकटी बहीण