थोरल्याने कडी का लावली

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची लेकीकडे! तीन जिने चढताना गुडघे कुरकुरले, पण नातीनं दार उघडून अशी मिठी मारली की जिने विसरले, गुडघेही विसरले. मला उन्हाची खोली दिलीय. जावईबापूंनी स्वयंपाकघरात माझ्यासाठी खास बुटकी खुर्ची आणून ठेवलीय. माणूस बोलत नाही फारसा, पण खुर्ची बोलते. लेक म्हणाली, आई, दिवसभर आम्ही दोघं कामावर, तू कंटाळशील, तर लिहीत जा. वही दिली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेलेली. असू दे. कोण वाचायला बसलंय?

बुधवार, ५

घर कसं भरल्यासारखं वाटलं आज! नातीच्या चार मैत्रिणी दुपारी येतात. सगळ्या एका कादंबरीच्या वेड्या. दोन भावांची गोष्ट. थोरला गिरणी चालवतो, धाकटा गावभर उंडारतो. एक दिवस गिरणीला आग लागते, धाकटा आत, आणि थोरला बाहेरून कडी लावतो. का लावली, ते लिहायच्या आधीच लेखक वारला. गेला तो गेला, पण या पोरींना कामाला लावून गेला. एक म्हणते मत्सर, दुसरी म्हणते बापाची वाटणी, चष्मेवाली म्हणते धाकट्यानंच सांगितलं असणार. अशा तावातावानं भांडतात, जणू सख्ख्या दिराचं लग्न मोडलंय. वर जी ती आपलं कारण धरून गोष्ट लिहिते आणि फोनवर टाकते. नातीच्या गोष्टी सगळ्यांत काळ्याकुट्ट, आणि वाचतात त्याच सगळे. चहा देता देता मी म्हटलं, अगं, घाबरला असेल बिचारा, हात आपोआप गेला असेल. सगळ्या फिदीफिदी हसल्या. नात म्हणाली, आजी, असलं मिळमिळीत कोण वाचणार गं?

शुक्रवार, ७

दुपारी एकटीच होते. बेल वाजली. दारात एक तरुण, अंगाला जळक्या लाकडाचा वास. नातीकडे आलास का विचारलं, तर मान डोलावली. बसवलं, चहा ठेवला. चहाला हात लावला नाही. फार आदबीनं विचारलं, आजी, मी कडी का लावली?

मला वाटलं, पोरगं नाटकात काम करत असेल, पाठ करतंय. म्हटलं, घाबरलास रे बाळा. त्याचा चेहरा जरा निवला. जाताना लंगडत होता.

संध्याकाळी नातीनं कालची गोष्ट वाचून दाखवली. तिच्यात थोरला लंगडा आहे. पुस्तकात नाही म्हणे, हिनंच केलाय. कौतुकानं सांगत होती.

सोमवार, १०

पुन्हा आला. आज डावा डोळा पांढरा. रविवारच्या गोष्टीत नातीनं त्याचा डोळा फोडलाय.

लेकीला सगळं सांगितलं, तर तिनं माझ्या गोळ्यांचं पाकीट काढून मोजलं. जावयांनी पंखा जरा वाढवला. नात म्हणाली, चष्म्याचा नंबर बदललाय तुझा. म्हातारी झाली की माणसाच्या बोलण्याला किंमत राहत नाही, हेच खरं. वासाचाही नंबर लागतो का?

बुधवार, १२

पोरींना सांगून पाहिलं. घाबरतील वाटलं होतं. टाळ्या पिटल्या! चष्मेवालीनं विचारलं, दिसायला कसा आहे हो आजी? कपाळ माझं! पालथ्या घड्यावर पाणी.

नातीला हात जोडले, म्हटलं, त्याला एखादं बरं कारण दे गं, तू लिहितेस तसा होत चाललाय तो. ती म्हणाली, चार हजार लोक शुक्रवारच्या शेवटच्या भागाची वाट बघतायत. त्यात थोरल्याला आतून दार बडवल्याची धडधड ऐकायला आवडली, म्हणून त्यानं कडी लावली. मग तो पुढचं दार शोधत निघतो. माझी समजूत काढायची म्हणून माझं कारणही टाकलं तिनं. सात जणांनी वाचलं. एकानं खाली लिहिलं, कंटाळा.

गुरुवार, १३

आला. आज बेल वाजलीच नाही, आतच उभा होता. आजी म्हणाला नाही. ए म्हातारे म्हणाला. तिची खोली कुठली, विचारलं. म्हटलं, ती बाहेर गेलीय. हसला. उद्या मी पूर्ण होईन, म्हणाला.

कुणाला सांगू? कुणी ऐकतच नाही—

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते नातीला सांगितलं. मी सात वर्षांची, भाऊ चारचा. तो कोठीच्या खोलीत असताना मी बाहेरून कडी लावली आणि खेळायला गेले. तिन्हीसांजेला सापडला. जगला, पण पुढं कधी नीट बोलला नाही. का लावली? सत्तर वर्षं झाली, मला ठाऊक नाही. लोक म्हणतात तसं मनात काही होतंच असं नाही गं. म्हणून म्हणते, त्याला राक्षस करू नकोस.

नातीनं हातातला फोन बाजूला ठेवला. मला वाटलं, लागलं मनाला.

मग म्हणाली, आजी, हे घेऊ का गोष्टीत?

शुक्रवार, १४, दुपार

नात खोलीत. कानात गाणी. टाकला शेवटचा भाग, म्हणून आतूनच ओरडली—

कडी वाजली. बाहेरून.

तो दाराशी आहे. दाराखालून धूर. कडीला हात घातला तर त्याचं मनगट निखाऱ्यासारखं, माझी बोटं भाजली. लेक फोन उचलत नाही. जिन्यात हाका मारल्या, सगळे कामावर—

नात दार बडवतेय. तो कान लावून ऐकतोय. डोळे मिटून.

म्हटलं, हे तुझं कारण नाही रे, हे तिनं दिलेलं. मी दुसरं देते. तो म्हणाला, तोंडी नको. लिही. मी वाचतो.

घाबरून लावली. नाही म्हणाला. मायेपोटी लावली. हसला. रागानं. वाटणीसाठी. नाही. नाही. ऐकीव नको म्हणतो—

बडवणं मंदावलंय. आजी, आजी अशी हाक मारतेय आतून—

खांद्यावरून वाचतोय. खरं लिही म्हणतो, तुझं. पटलं तर काढतो कडी—

लिहिते. थांब. लिहिते—

माझा भाऊ आत होता, हाका मारत होता, मला ऐकू येत होतं, आणि तरी मी कडी काढली नाही, कारण मला—