वेलबुट्टीची भिंत

२ तारीख, सोमवार
आलो एकदाचे नव्या घरात! बेडरूमची एक भिंत इतकी कळकट, की नवरा म्हणाला, तिच्याकडे तोंड करून झोपलो तर स्वप्नांनाही बुरशी येईल. पण मी येतानाच हिरव्या वेलबुट्टीचा वॉलपेपर आणलाय. पलंगामागे छतापासून जमिनीपर्यंत पट्ट्या लावायच्या आणि उरलेल्या कागदाची पाखरं कापून वर चिकटवायची. हौसेला मोल नाही.

३ तारीख, मंगळवार
मैद्याची खळ मीच शिजवली. कागद कापताना नवऱ्यानं अंगठा चांगलाच कापून घेतला आणि रक्ताची धार थेट खळीच्या बादलीत. फेकून दे म्हणाला. बादलीभर खळ फेकायची? मी ढवळून टाकली. म्हटलं, आता ही भिंत तुला जन्मभर सोडायची नाही. दोघंही पोट धरून हसलो. संध्याकाळपर्यंत भिंत अशी सजली, की दृष्ट लागावी.

५ तारीख, गुरुवार
कागदाखाली हवेचे फुगे राहिलेत. ते सुईनं टोचायचे आणि फडक्यानं दाबून हवा काढायची. पहिला टोचला आणि बाहेरच्या खोलीत नवरा ओरडला. खांद्यावर रक्ताचा थेंब. डास असेल म्हणाला. दुसरा टोचला, तर मांडीवर थेंब. सुतावरून स्वर्ग गाठायला नको, म्हणून सुई ठेवून दिली.

६ तारीख, शुक्रवार
जमिनीलगत कागद जास्त झाला होता, तो सकाळी ब्लेडनं कापला. दुपारी नवऱ्याच्या कारखान्यातल्या दोघांनी त्याला उचलून आणलं. दोन्ही टाचा चिरलेल्या, एका सरळ रेषेत. बूट मात्र शाबूत.

खात्री करायची होती. भिंतीवर नुसतं नख ओढलं. त्याच्या पाठीवर — मीच केलंय हे. मी.

८ तारीख, रविवार
वरचा कोपरा ओलीनं सुटतोय. त्याच्या कपाळाची कातडी केसांपासून सुटून भुवईवर आलीय. डॉक्टरांचे टाके टिकले नाहीत. स्टुलावर चढून कोपरा दाबून धरला की रक्त थांबतं. हात काढला की —

मोठी नणंद आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग ही पीडा उपटूनच टाकू. मी पाय धरले. तिला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

९ तारीख, सोमवार
नणंदेनं मला स्वयंपाकघरात कोंडलंय. भावावर फार जीव तिचा. त्याला बाहेरच्या खोलीत निजवलंय. ती इथे, दारापलीकडे बेडरूममध्ये, भिंतीवर पाणी मारतेय. कागद भिजला की लवकर सुटतो.

ओरडून घसा गेला. हे पान फाडून दाराखालून सरकवते, वाचलं तर —

एक पट्टी. टर्रकन. तो — माणूस असा ओरडत नाही.

ती त्याला मोठ्यानं सांगतेय, जरासं सोस, पीडा निघतेय. आणखी जोरानं ओढतेय.

दाराखालच्या फटीतून तिचे पाय दिसतात. शेजारी पडलेली पट्टी. तिला केस आहेत.

ताई, ओढू नका. खाली बघा. तुमच्या हातात कागद नाही, ते —