खोली क्रमांक चौदासाठी कमी ताकदीचे कार्ड

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
अभिलेख व नकाशे कार्यालय

विषय : खोली क्र. १४ मधील संगणकास सर्वांत कमी ताकदीचे वायरलेस कार्ड मंजूर होणेबाबत.

संदर्भ : टेबल दाराबाहेर आल्याबद्दल आपले ज्ञापन, दि. ३.

महोदय,

१. "या टेबलाला पाय फुटलेत की काय?" असे आवक-जावक लिपिक परवा माझ्या पाठीमागे पुटपुटले. वाट काढताना त्यांचा अर्धा चहा बशीत आला, हे मान्य. टेबल मीच सरकवले आहे. खुलासा असा.

२. उंदरांनी वायर कुरतडल्यापासून माझ्या संगणकाला नेटवर्क नाही. कोणते कार्ड हवे ते कळवावे, असे आपण सुचविलेत. संगणक मी रद्दीतल्या माहितीपुस्तिका वाचून शिकले, त्यामुळे चौकशी मनापासून केली. एक कार्ड कॅबिनेट उघडून आत बसवायचे, त्याला दोन अँटेना. ते दोन भिंतींपलीकडून रेंज ओढते. दुसरे अंगठ्याएवढे, बाहेरून खोचायचे. तंत्रज्ञांनी तूर्त हे धाकटे दिले.

३. खोलीत अकरा लोखंडी कपाटे आहेत. त्यांच्यामागे धाकट्याचे काही चालेना. टेबल हातभर पुढे घेतले, रेंजची एक रेघ आली. उंबऱ्याशी दोन, पॅसेजमध्ये तीन. पूर्ण रेंज मोठ्या दालनात, खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलापाशी मिळते, असे मी स्वतः उभे राहून पाहिले आहे. तिथे पंखा कितीवर ठेवायचा यावरून चौघांचे रोज वाजते, हेही त्याच वेळी समजले. अर्धा तास उभी होते.

४. आता दोन अँटेनांचे कार्ड आले आहे व टेबल आत नेण्याचा आदेश आहे. कार्डात खोट नाही. ते नको असल्याची कारणे मी तीनदा लिहिली: गरम होईल, धूळ धरेल, अँटेना कपाटाला घासतील. तिन्ही लंगडी, म्हणून कागद फाडले. वस्तुस्थिती अशी की, गेल्या महिन्यात खोलीतल्या फोनवर एका गृहस्थांचा चुकून नंबर लागला, त्यांना मी दहा मिनिटे सोडले नाही. त्यांच्या मोतीबिंदूची सगळी हकिकत मला माहीत आहे. शेवटी तेच म्हणाले, "बाई, ठेवू का आता?" सबब, धाकटेच कार्ड कायम करावे आणि त्याला जिथे रेंज मिळते तिथे संगणक, व ओघाने मला, बसू द्यावे, ही विनंती.

५. अर्ज इथे संपत होता. परंतु आज सकाळी तंत्रज्ञ मोठे कार्ड घेऊन आले. कपाट सरकवायला आवक-जावक लिपिक सोबत होते. तंत्रज्ञांनी विचारले, "ताई, बसवू ना?" मी खोक्यावरच्या सूचना पहिल्यापासून वाचू लागले. लिपिकांनी कपाटावरचा हात काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे रे. बाई, तीन महिन्यांसाठी तुम्हांला इथं धाडलं होतं. इथलं काम संपून सहा वर्षं झाली. तुम्हांला परत मोठ्या दालनात बोलवायचं आम्ही सगळे विसरलो."

उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
अभिलेख लिपिक, खोली क्र. १४
(सध्या पॅसेज)
दि. ९

सोबत : दोन अँटेनांचे कार्ड, खोके न उघडता.