चिलापीचं ताट

आई, तुझ्या धाकट्यानं व्हिएतनामची बायको केली. तिकडच्या कंपनीत होता, तिथंच लग्न झालं. आता दोघं इंदापूरच्या आपल्या घरी राहतात. आल्या दिवशी तिनं पहिलं विचारलं, "सासूबाई कुठं?" त्यांच्याकडं नवी सून आधी घरातल्या गेलेल्या माणसांपुढं उदबत्ती लावून आपली ओळख सांगते. तुझा फोटो दाराच्या वर, छताला टेकलेला. तिनं तो उतरवून कपाटावर ठेवला. रोज सकाळी तुझ्यापुढं चहा ठेवते, निवला की मग स्वतः पिते.

परवा तुझं श्राद्ध होतं. मी बारामतीहून पोचलो तर म्हणाली, "आईंना काय आवडायचं?" मी चिलापी मासा म्हणालो. खरं तेच होतं. आबा माळकरी, घरात मासळीचा वास चालायचा नाही. म्हणून तू परसात तीन दगडांवर कालवण करायचीस, तिथंच जेवायचीस आणि राखेनं हात घासून मगच आत यायचीस. अजून मला तू काटा काढताना दिसतेस. तिनंही परसातच रांधलं आणि ताट तुझ्यापुढं मांडलं. आबांनी ते काठीनं सरकवलं.

"श्राद्धाला मासळी? घर बाटवलंस की गं."

"आबा, ताट आईंचं हाय. तुमचं न्हाय." आपलीच बोली शिकली आहे ती.

"मेलेलं माणूस जेवतं व्हय?"

"मंग पुरण कुणाला वाढलंय?"

आबांनी काठी ताटापुढून हलवली नाही. तिनं ताट उचललं, तुझा फोटो उचलला आणि परसात जाऊन बसली.

मी धुमसतोय, आई. आबांची श्रद्धा खोटी नाही, हे मी स्वतःला दहादा बजावलं. पण माळ त्यांच्या गळ्यात आहे, तुझ्या कधीच नव्हती. तसं मी त्यांना तोंडावर म्हणालो. "चार बुकं शिकलास म्हणून बोलतोस," म्हणाले. बोललो तरी काय झालं? तुला पुन्हा परसातच जेवावं लागलं.

तुझी धाकटी सून म्हणते, त्यांच्याकडं गेलेल्यांना द्यायचं ते कागदाचं करून जाळतात, म्हणजे पोचतं. काडेपेटी तिनंच आणून दिलीय. पण हे पत्र वाचून तू म्हणशील, जाऊ दे, वडील आहेत तुझे. ते मला आज ऐकायचं नाही. पोचणार नाही अशी खात्री असती, तर केव्हाच पेटवलं असतं.