साहेबांच्या छातीचा दाखला

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

महिना झाला, तुझी चार ओळींची खुशाली नाही. जनावरांचा डॉक्टर झालं की माणसांशी बोलायचं नाही असं शिकवतात का तुम्हाला?

कामाचं आधी सांगते. आमच्या कैलासवासी साहेबांची नात मिठी तीन वर्षांची झाली. पुढच्या आठवड्यात तिची जोडी लावते आहे. हल्ली पिल्लं घेणारे आईच्या हृदयाचा दाखला मागतात. साहेबांना दिला होतास तसाच एक मिठीच्या नावाने लिहून पोस्टाने पाठव. तिला एवढ्या लांब आणत नाही, गाडी लागते तिला.

घेणाऱ्यांसाठी या जातीची माहिती लिहायला बसले आहे. हे छोटे स्पॅनियल कुत्रे एके काळी राजवाड्यांत बायकांच्या मांडीवर लोळायचे. थंडीत पोट शेकायला उपयोगी, असं तेव्हाचे वैद्यही सांगत. जुन्या चित्रांत त्यांचं नाक चांगलं लांब दिसतं. मग चपट्या नाकाची टूम निघाली आणि ते नाक नाहीसंच झालं. शंभरेक वर्षांपूर्वी काही हट्टी माणसांनी मूठभर कुत्री हुडकून जुनं नाक परत आणलं. आजची सगळी त्या मुठीतलीच. स्वभावाचं काय लिहू? चोर आला तर हा त्याला कपाट कुठे आहे ते दाखवेल. मी न्हाणीघरात गेले तरी साहेब दाराशी बसून असायचे. दुखलंखुपलं तर कळूसुद्धा द्यायचं नाही, शेपूट आपली हलतेच आहे. असं लिहिलं तर चालेल ना?

पत्राची वाट बघते आणि दाखल्याची त्याहून जास्त.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ति. ताईस, सा. न. वि. वि.

दाखला पाठवत नाही. राग येईल, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका तुला आठवत असतील. साहेबांचा एक मुलगा तू त्यांना दिला होतास. सोमवारी त्या त्याला शालीत गुंडाळून घेऊन आल्या. दोन दिवस खोकत होता म्हणे. आत एक मांजर होतं म्हणून त्या बाकावर थांबल्या. मी दार उघडलं तेव्हा तो मला बघून शेपूट हलवत होता आणि त्याची जीभ निळी पडली होती. टेबलापर्यंत पोचलाच नाही. साडेपाच वर्षांचा होता. आमचं काही चुकलं का, असं बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, वडिलांच्या हृदयाचा तुमच्याच सहीचा दाखला बघून आम्ही याला घेतलं होतं.

ताई, तो दाखला खोटा होता. अकरा वर्षांपूर्वी साहेबांच्या छातीला नळी लावली तेव्हा दर ठोक्यामागे फुस्स असा आवाज येत होता. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. मी तो ऐकला आणि 'हृदय निर्दोष' असं लिहून सही केली. भाऊजींना जाऊन वर्ष झालं होतं. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस, आणि साहेब घरात आल्यापासून उठून वेणी घालायला लागली होतीस. त्या दिवशी दवाखान्यात तू हसलीस. माझी जीभ रेटली नाही.

हा रोग रक्तातून उतरतो, आणि सगळी मुठीतलीच म्हटल्यावर तो जाणार तरी कुठे? साहेबांच्या वंशातले नऊ जण मी आजवर तपासले. सात जणांत तोच आवाज. मिठीची जोडी लावू नकोस. ज्यांना पिल्लं दिलीस त्यांचे पत्ते पाठव, मी प्रत्येकाला लिहितो. दोष माझा आहे, तुझ्यावर शिंतोडा येऊ देणार नाही.

निदान रागाचं का होईना, उत्तर यावं ही विनंती.

धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

उत्तर काय द्यायचं ते पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, म्हणून तर इतके दिवस तुला लिहायला लेखणी उचलली नाही.

मला माहीत होतं. दुपारी साहेब माझ्या कुशीत झोपायचे, कान लावला की तो आवाज यायचा. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. याची पिल्लं काढू नका असं त्यांनी तोंडावर सांगितलं आणि दाखला द्यायला साफ नकार दिला. म्हणून पुढच्याच आठवड्यात साहेबांना तुझ्याकडे आणलं. डॉक्टरच हवा असता तर इथला काय वाईट होता? मला भाऊ हवा होता. तू मला नाही म्हणत नाहीस, हे तू चड्डीत होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे. दवाखान्यात हसले तेही तुझा हात अडू नये म्हणून.

अकरा वर्षं तू हे एकट्याने पोटात ठेवलंस. साहेबांचा विषय निघाला की तुझा चेहरा उतरायचा, ते मला दिसायचं आणि मी जेवायला वाढायला उठायचे. याची लाज वाटते रे.

पत्ते पाठवत नाही. एकेचाळीस घरं आहेत, ती पत्रं मीच लिहिणार. सहा झाली. पहिलं बाईंना घातलं, त्यांचं उत्तर नाही. सगळं माझ्याच माथी घेते आहे, तरी सही कुणाची हे लोक विचारणारच. तुझ्या दवाखान्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही.

आणखी एक. मिठीची जोडी 'पुढच्या आठवड्यात' हे मी खोटंच लिहिलं होतं. ती जानेवारीतच लागली. तुला मोडता घालायला जागाच राहू नये, म्हणून आधीच उरकून घेतलं. काल इथल्या डॉक्टरांनी पोट तपासलं, चार आहेत. गुरुवारी तिला घेऊन येते. पिशवी काढून टाक, पिल्लांसकट. इथेही झालं असतं, पण हे तुझ्यामाझ्या हातून व्हायला हवं.

भूल देण्याआधी तिची छाती तपासशील तेव्हा मी समोर उभी असेन. या वेळी हसणार नाही. जे ऐकू येईल ते मला सांग.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

तुझी ताई