आईचा बुधवार

११ फेब्रुवारी, बुधवार

आई दवाखान्यात! माझ्या दवाखान्यात. तापबिप काही नाही. बाहेरच्या बाकावर, मोठ्यांच्या बाजूला, मांडीवर पर्स घेऊन ताठ बसलेली. ठेवणीतले कपडे घालून.

सकाळी मला म्हणाली होती, "वाचनालयात पुस्तक बदलून येते." मी म्हटलं, बरं. आणि एका मुलाला आत घ्यायला दार उघडते तो समोर ही!

नजरानजर झाली. बसमध्ये रोज दिसणाऱ्या बाईकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं, मान जराशी हलवली आणि भिंतीवरची पाटी वाचायला लागली. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मी मुलांचं समुपदेशन करते, समोरच्या बाई मोठ्यांचं. मधे फक्त तो बाकांचा बोळ. बाई म्हणाल्या, "या." आई उठली, आत गेली. दार बंद.

नियम असा आहे — बाहेर कुणी ओळखीचं दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. आत काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. येणाऱ्याला नाही, एकमेकींनाही नाही. कामावर येणाऱ्या नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते. उदाहरणं देऊन!

संध्याकाळी घरी आले. आई ओट्याशी. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "वाचनालयात गर्दी होती आज."

मी म्हटलं, "हो का."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डोक्यात दिवसभर तेच. झोप लागत नसेल का तिला? विसरायला होत असेल? बाबांचं असेल? बाबा गेले त्याच वर्षी माझा संसार मोडला. मी तिला इकडे आणलं. एकटी कशी राहील म्हणून. तेव्हा रडली नव्हती फारशी. तेच आता वर येत असेल. येतं असं, वर्षांनी येतं.

दादाला फोन लावला. लावला आणि आठवलं — त्यालाही सांगता येणार नाही. मग उगाच त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. तो म्हणाला, "माझा गुडघा? माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

आई टीव्ही बघताना मोठ्यांदा हसली. मनात काही असलेलं माणूस असं हसतं का?

हसतं. मला चांगलं माहीत आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज गप्पू आली. खरं नाव इथे नको, मी तिला गप्पूच म्हणते. घरी पोपटासारखी बोलते, शाळेत तोंडातून अक्षर नाही. बाईंनी हजेरी घेतली तरी नुसती मान. गेले काही आठवडे येतेय. माझ्याकडे चित्रं काढते, रंग देते-घेते, पण शब्द नाही.

अडचण अशी की तिला काहीही विचारलं की तिची आई बोलते. "कुठला रंग आवडतो?" — "तिला ना, निळा." "भूक लागली का?" — "नाही, खाऊनच आलोय." पोरीचं तोंड उघडायच्या आधी उत्तर तयार! वाईट नाही बाई, जीव टाकते मुलीवर. पण मुलीला बोलायला जागाच नाही. आज म्हटलं, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?" नाराज झाली, पण गेली.

आणि बाहेर बसली कुणाशेजारी? माझ्या आईशेजारी.

दार लावून घेतलं तरी कुजबुज ऐकू येत होती. शब्द नाही, नुसता सूर. आईचा सूर मी दहा भिंतींपलीकडून ओळखीन.

निघताना गप्पूची आई खुशीत. "बाहेर एक आजी भेटल्या हो. काय छान बोलतात! त्यांचीही मुलगी अशीच, म्हणे. त्या म्हणाल्या, ती मला इतकं —"

मी थांबवलं. म्हटलं, "बाहेरचं बाहेरच राहू द्या."

थांबवलं खरं. पण लगेच नाही. त्या 'इतकं'नंतर मी एक श्वास वाट बघितली. ती बोलली असती तर ऐकलं असतं मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चहाच्या वेळी समोरच्या बाईंना म्हटलं, "तुमचे बुधवार फार गच्च असतात नाही हल्ली?"

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, अगदी पडायच्या बेताला आलं तेव्हा उचललं, खाल्लं, आणि म्हणाल्या, "ऊन वाढलंय."

बसा आता!

२२ फेब्रुवारी, रविवार

आज मुद्दामच निवांत बसले तिच्याजवळ. म्हटलं, "आई, तुला काही बोलावंसं वाटत असेल तर मी आहे हं. घाई नाही. तुझ्या वेळेने."

ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "तो दवाखान्यातला आवाज घरात काढू नकोस."

"कुठला आवाज?"

"हाच. मऊ."

मला इतका राग आला! मग हसू आलं. मग पुन्हा राग. शेंगा मात्र दोघींनी मिळून संपवल्या.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आई आजही आली. आज बाहेर येताना डोळे लाल. मी खोलीत एका मुलाबरोबर ठोकळे रचत होते, दार किंचित उघडं राहिलं होतं, त्यातून दिसली. मुलगा म्हणाला, "तुमचं लक्ष नाही." खरं होतं. मनोरा पडला.

४ मार्च, बुधवार

गप्पू बोलली!!

तिची आई आज खोलीतच होती, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर. तोंड न उघडण्याचं कबूल करून बसली होती. वेळ संपली तसं मी गप्पूला विचारलं, "जायचं का घरी?" तिची आई सवयीने "हो, च—" एवढं म्हणाली आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. अगदी पोरीसारखा! गप्पूने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग अर्धवट रंगवलेल्या घराकडे.

"नाही," म्हणाली.

पहिला शब्द 'नाही'! तिच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेर जाताना मला म्हणाली, "माझ्याशी ती कधी 'नाही' म्हणालीच नव्हती. मला वाटायचं, गुणी आहे."

किती आनंदात घरी आले. आईला सांगायला लागले (नाव वगैरे काही न सांगता). ती ऐकता ऐकता थांबली. "मग त्या मुलीला 'नाही' म्हटल्यावर भीती वाटली असेल का गं?"

मी म्हटलं, "मुळीच नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं."

"तुला काय माहीत," आई म्हणाली. आणि ताटं घ्यायला उठली.

८ मार्च, रविवार

भांडण. मोठं.

आई दुपारी बाहेर पडली ती संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. फोन बंद. वाचनालयाला कुलूप. शेजारी विचारलं, बसथांब्यापर्यंत जाऊन आले. दिवे लागले तेव्हा चालत आली, चपलांना माती, चेहरा उजळलेला.

"पुलापलीकडे गेले होते. मैत्रिणीकडे."

मी सुटलेच. फोन का बंद, वय काय, पडली असतीस तर, कुणाला कळलं असतं! ती म्हणाली, "मी लहान आहे का?" आणि मी म्हणाले, "तू एकटी राहूच शकत नाहीस!"

तिने चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. जेवलीही माझ्यासमोर, नेहमीसारखी. पण चेहऱ्यावरचं ते जे होतं ते गेलं होतं. मीच घालवलं.

१० मार्च, मंगळवार

घरात सगळं सुरळीत. पाणी हवं का, हो, दे. दिवा मालवू का, मालव. इतकं सुरळीत की धडकी भरते.

११ मार्च, बुधवार

समोरच्या बाई माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. "पुढच्या बुधवारी, शेवटच्या वेळेला, तू येशील माझ्याकडे? इथली म्हणून नको. घरची म्हणून. त्यांनीच सांगितलंय बोलवायला."

"काय झालंय तिला?" माझा आवाज फाटला.

"ये," एवढंच म्हणाल्या.

आठवडाभर मी आता काय काय करून ठेवणार आहे मनात! छातीचं, डोक्याचं, रक्ताचं — सगळे आजार पालथे घालून झाले, अजून रात्रही झालेली नाही.

१८ मार्च, बुधवार

लिहायलाच हवं. नीट, क्रमाने.

समोरच्या बाईंच्या खोलीत येणाऱ्याची खुर्ची किती खोल आहे! बसलं की माणूस आत जातं. एवढी वर्षं समोर काम करून मला हे माहीत नव्हतं. आई शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

ती म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा तू मला —"

"इकडे आणलं, हो, कारण तुला तिकडे एकटीला —"

समोरच्या बाईंनी हात वर केला. "त्यांचं होऊ दे."

आईने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाठ केल्यासारखं, पण पाठ केलेलं नव्हतं.

"तेव्हा तू म्हणालीस, तू एकटी कशी राहशील. आणि मी मनात म्हटलं, हिचा संसार मोडलाय, हिला एकटीला कशी ठेवू. म्हणून आले. तू मला सांभाळायला आणलंस, मी तुला सांभाळायला आले. तेव्हा गरज होती. दोघींनाही. पण तू रोज लोकांची दुःखं ऐकून घरी येतेस. जिन्यावरच्या पावलांवरून मला कळतं, आज कसा गेला दिवस. मग मी त्याप्रमाणे वागते. हसायचं की गप्प बसायचं, खायला काय करायचं, टीव्ही लावायचा की नाही. सकाळपासून हाच विचार, आज हिला काय लागेल. मी थकले गं. मला आता जरा, मला काय लागतं ते बघायचंय. पुलापलीकडे मैत्रिणीच्या शेजारी दोन खोल्या रिकाम्या आहेत. तळमजला. मला वेगळं राहायचंय."

आणि मी काय म्हणाले? एवढं शिकलेली, इतक्या घरांची भांडणं सोडवलेली मी?

"लोक काय म्हणतील!"

समोरच्या बाईंनी खोकला आल्यासारखं केलं. आई हसली नाही. मग मला रडू फुटलं. हमसून हमसून. आणि आई उठली नाही. माझं बोट चिमटलं तरी धावत येणारी आई — जागची हलली नाही. हात पर्सवर इतके घट्ट की नखं पांढरी पडली होती. पण बसून राहिली.

तेव्हा उमगलं. एवढे बुधवार ती हेच शिकायला येत होती. मी रडले तरी शब्द मागे न घ्यायला.

माझं रडणं संपलं. कुणी संपवायला न येताही संपलं. मग मी विचारलं, "त्या खोल्यांत ऊन येतं का?"

"सकाळचं येतं," आई म्हणाली. आणि पहिल्यांदाच पर्सवरचा हात काढून डोळे पुसले.

येताना एकाच बसने आलो. तिला खिडकी दिली.

२२ मार्च, रविवार

दादाला तिने स्वतः सांगितलं. तो माझ्यावरच चिडला, "तू काय म्हणालीस तिला?" आईने माझ्या हातातून फोन घेतला. "ती काही म्हणाली नाही. मी म्हणाले." आणि ठेवून दिला! दादाचा फोन, असा, ठेवून दिला!

२९ मार्च, रविवार

सामान नेलं. तिचं सामान इतकं कमी कसं?

पडदे मी लावणार होते. म्हणाली, "राहू दे, मी बघेन कसे हवेत ते." तोंडाशी आलेलं परत गिळलं. चहा मात्र तिनेच केला, आणि मला साखर किती म्हणून विचारलं. पाहुणीला विचारतात तसं. वाईट वाटलं. आवडलंही.

३ एप्रिल, शुक्रवार

मुख्य कार्यालयातून फोन. डोंगरापलीकडच्या गावांसाठी नवं केंद्र उघडतंय, मुलांचं बघणारं तिकडे कुणीच नाही, येता का? दरवर्षी विचारतात. दरवर्षी मी हळहळते आणि तेच उत्तर देते. आजही तोंडून निघून गेलं, "इच्छा फार आहे हो, पण घरी आई आहे ना —"

वाक्य तिथेच राहिलं.

पलीकडून म्हणाले, "हॅलो? ऐकू येतंय ना?"