घरचा मळ

१ मार्च
राजधानी सोफिया सोडून डॅन्यूब नदीकाठच्या या गावी आले आणि गाव पहिल्याच दिवशी आवडलं. पोलिसांच्या डीएनए साठ्याची गुणवत्ता तपासायची आणि दोन नव्या मुलींना कामात तयार करायचं, एवढं माझं काम. प्रयोगशाळेचे प्रमुख ओग्नियान यांनी एक मार्चच्या रिवाजाप्रमाणे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला, चीज भरलेली गरम बानित्सा खाऊ घातली, मग गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून माझा नमुना घेतला. म्हणाले, आता तुम्ही घरच्या झालात कालिनाबाई, इथे नुसतं शिंकलात तरी पकडल्या जाल! पुराव्यात कर्मचाऱ्याचाच डीएनए सापडला, तर तो घरचा मळ समजून निकाल रद्द करायचा. त्याला दोन सह्या लागतात, माझी आणि त्यांची.

१९ मार्च
मुलींना पहिला मळ दाखवता आला. नदीत सापडलेल्या एका हाडाचा नमुना झोर्नित्साशी जुळला. माझ्याआधी या जागेवर ती होती. शरदात तडकाफडकी राजीनामा देऊन गेली म्हणे. बाई गेल्या, थुंकी मागे राहिली, असं म्हणून मुली खिदळल्या. मी सही केली.

८ एप्रिल
दुसरं हाड, बरंच खाली वाहून आलेलं. पुन्हा झोर्नित्सा. कधीच गेलेल्या बाईचा मळ आजच्या हाडावर कसा? ओग्नियान म्हणाले, नमुने घ्यायच्या साहित्याची पाकिटं तिनेच भरून ठेवली होती. आणि नव्या सुनेला सासूचं स्वयंपाकघर कळकटच दिसतं. असेलही. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची मला खोडच आहे. तरी सही केली नाही.

१० एप्रिल
तिने भरलेली उरलेली पाकिटं तपासली. सगळी स्वच्छ. मग दोन्ही हाडांचे डीएनए-आलेख पुन्हा उघडले. मळ असता तर त्याच्याखाली मेलेल्या माणसाचं काहीतरी दिसायला हवं होतं. खाली कुणीच नाही. फक्त झोर्नित्सा.
आणि पहिल्या निकालावर माझी सही आहे.

११ एप्रिल
ओग्नियानना सांगितलं. पोलिसांकडे जाऊ म्हटलं. ते हसले नाहीत. मुलींना माहीत आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. खरं तेच सांगितलं, पण सांगायला नको होतं —

१२ एप्रिल
संगणक मला आत घेईना. एका मुलीने पाहून दिलं — माझं नाव माजी कर्मचाऱ्यांत. राजीनामा मी दिलेला नाही. नमुना मात्र साठ्यात तसाच —
घरी आले. ठाण्यात फोन केला. हवालदार म्हणाला, घाबरू नका बाई, ओग्नियानसाहेबांनाच पाठवतो.
दारात आहेत. गाडी आणलीय म्हणतात, दोघं मिळूनच पोलिसांकडे — गोड आवाजात —
नदीत काही सापडलं, माझ्याशी जुळलं, तर तो मळ नाही. ती मी —